अनुभव किती, कुणाचा आणि कसा?

स्मार्टफोन आणि टॅब्लेट या 'सारख्या' वस्तू आहेत का? ऑफिसच्या कँटीनमध्ये हा प्रश्न टाकून बघा, अर्धा तास आरामात निघेल. एक जण म्हणेल, प्रोसेसर तसाच, ऑपरेटिंग सिस्टिम तीच, फक्त स्क्रीन मोठा. दुसरा म्हणेल, मग रिक्षा आणि ट्रकही सारखेच की, दोघांनाही चाकं असतात! गंमत म्हणजे नेमका हाच वाद २०२२ साली आपल्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता.

झालं होतं असं. नवोदय विद्यालय समितीला शाळेतल्या मुलांसाठी टॅब्लेट घ्यायचे होते. 'जेम' या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर निविदा निघाली. त्यात एक अट होती, तिचं नावच 'पास्ट परफॉर्मन्स'. अट अशी की, मागच्या पाच आर्थिक वर्षांपैकी निदान एका वर्षात तुम्ही तीच किंवा तशाच प्रकारची वस्तू, निविदेतल्या संख्येच्या किमान ६० टक्के इतकी पुरवलेली असली पाहिजे. रिसोर्सिस टेलिकॉम या कंपनीने दाखवलेला अनुभव स्मार्टफोनचा होता. समिती म्हणाली, चालणार नाही. कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली आणि जिंकली. मग ज्यांना काम मिळालं होतं ते अ‍ॅगमाटेल इंडियावाले सुप्रीम कोर्टात गेले आणि तिथे निकाल फिरला. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं: 'सारखी वस्तू' म्हणजे काय हे ज्याने निविदा लिहिली त्याला सगळ्यात जास्त कळतं. त्याने लावलेला अर्थ उघडउघड मनमानी किंवा तर्कदुष्ट नसेल, तर कोर्टाने आपला अर्थ त्याच्यावर लादू नये.

आता जरा थांबा आणि ती अट पुन्हा वाचा. नाव 'पास्ट परफॉर्मन्स', म्हणजे मागची कामगिरी. पण विचारलंय काय? किती नग पुरवले! ते नग चालले का, वर्षभरात किती परत आले, बिघडल्यावर कुणी फोन उचलला का, यातलं काहीच त्या अटीत नाही. नाव कामगिरीचं आणि मोजमाप अनुभवाचं.

हे एकदा लक्षात आलं, आणि मग सरकारी निविदांच्या भांडणांचा जुना इतिहास चाळताना मला सगळीकडे हेच दिसायला लागलं. आपल्याकडे कोर्टात गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत 'मागचं काम' या विषयावर जी गाजलेली भांडणं झाली, त्यातली बहुतेक 'किती केलं' आणि 'कुणी केलं' यावर झाली. 'कसं केलं' यावर फारच थोडी. असं का झालं असावं, हा या वीकेंडचा विषय.

सुरुवात आपल्या मुंबईपासूनच करू. जानेवारी १९७७. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर एक दुसऱ्या दर्जाचं रेस्टॉरंट आणि दोन स्नॅक बार तीन वर्षं चालवायला द्यायचे होते. निविदेत लिहिलं होतं की, किमान पाच वर्षांचा अनुभव असलेल्या नोंदणीकृत दुसऱ्या दर्जाच्या हॉटेलवाल्यांनीच अर्ज करावा. सहा निविदा आल्या. सगळ्यात जास्त लायसन फी देऊ करणाऱ्याचा आकडा होता महिना ६,६६६ रुपये ६६ पैसे. अडचण एकच: त्याच्याकडे दुसऱ्या दर्जाच्या हॉटेलची नोंदणीच नव्हती. त्याचा अनुभव दहा वर्षांचा, पण कंपन्यांची कँटीनं चालवण्याचा. विमानतळ प्राधिकरणाने तरीही काम त्यालाच दिलं. त्यावरून प्रकरण कोर्टात गेलं.

तुम्ही म्हणाल, त्यात काय बिघडलं? कँटीन चालवणारा माणूस रेस्टॉरंट चालवू शकणार नाही का? व्यवहाराच्या दृष्टीने मुद्दा बरोबर आहे. पण सुप्रीम कोर्टाने मे १९७९ मध्ये दिलेल्या निकालात (न्यायमूर्ती भगवतींनी तो लिहिला) प्रश्न वेगळ्याच बाजूने धरला. कोर्ट म्हणालं, ही अट घालायची सक्ती तुमच्यावर कुणी केली नव्हती. पण एकदा जाहीर घातलीत, की ती सगळ्यांना सारखी. ती अट वाचून कितीतरी कँटीनवाले घरी बसले असतील. अट शिथिल होणार हे आधी कळलं असतं तर त्यांनीही निविदा भरली असती. मग एकालाच सूट का? आपणच लावलेल्या कसोटीला सरकारने स्वतः बांधील राहायचं, हे तत्त्व कोर्टाने अमेरिकेतल्या १९५९ च्या एका निकालातल्या न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांच्या मतावरून घेतलं होतं.

पण गोष्ट इथे संपत नाही. तत्त्व इतकं झकास मांडून झाल्यावर कोर्टाने अर्जदाराला दिलं काय? काहीच नाही! तो कोर्टात यायलाच काही महिने उशीर झाला होता, तोवर कँटीनवाल्याने तिथे खर्च केला होता, शिवाय अर्जदाराचा स्वतःचा त्यात खरा हितसंबंध नव्हता असंही कोर्टाला दिसलं. म्हणजे नियम मोडला हे मान्य, पण रेस्टॉरंट चालू राहू दे. निविदांच्या भांडणात हे पुढे वारंवार दिसतं. तत्त्व एक जण जिंकतो आणि काम दुसराच करतो.

यानंतर वळण आलं १९९४ साली. त्या वर्षी जुलैमध्ये टाटा सेल्युलरचा प्रसिद्ध निकाल लागला. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांत मोबाइल सेवेचे परवाने कुणाला द्यायचे, यावरचं ते भांडण. त्यात कोर्टाने स्वतःची मर्यादा आखून घेतली: निर्णय बरोबर की चूक हे आम्ही अपील ऐकल्यासारखं तपासणार नाही, तो ज्या रीतीने घेतला ती रीत तपासू. आमच्या भाषेत सांगायचं तर आउटपुट बरोबर आहे का हे टेस्ट करणार नाही, प्रोसेस पाळली का याचं ऑडिट करू. मनमानी, पक्षपात, अधिकाराबाहेरचं वागणं दिसलं तरच हात घालू.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अनुभवाबद्दलचा, माझ्या मते सगळ्यात वाचनीय निकाल लागला: न्यू होरायझन्स विरुद्ध भारत सरकार. हैदराबादच्या टेलिफोन डिरेक्टरीचं काम होतं. (आता डिरेक्टरी म्हणजे काय हे समजवावं लागेल असे वाचकही असतील! दाराशी ठेवायला उपयोगी पडणारं एक जाड पुस्तक असायचं ते.) अट अशी होती की ५० हजारांहून जास्त लाइन असलेल्या मोठ्या टेलिफोन यंत्रणेसाठी डिरेक्टरी तयार करून, छापून, पुरवल्याचा अनुभव पाहिजे. न्यू होरायझन्स ही नवी कंपनी होती. तिच्या स्वतःच्या नावावर एकही डिरेक्टरी नव्हती. पण ती कंपनी होती कुणाची? एका बाजूला थॉमसन प्रेस, लिव्हिंग मीडिया वगैरे भारतीय मंडळी, दुसऱ्या बाजूला सिंगापूरच्या टेलिफोन कंपनीची उपकंपनी. म्हणजे छपाई आणि डिरेक्टरी, दोन्हीचा अनुभव घरातच होता. शिवाय जिला काम मिळालं तिच्यापेक्षा कितीतरी पट जास्त रॉयल्टी तिने सरकारला देऊ केली होती. तरी छाननी समितीने ती निविदा बाद केली, कारण 'कंपनीला' अनुभव नाही. दिल्ली हायकोर्टानेही समितीचंच म्हणणं मान्य केलं.

सुप्रीम कोर्टाने मात्र ते फिरवलं. त्यांनी विचारलं की एखादा शहाणा व्यापारी हे काम देताना काय बघेल? लेटरहेडवरचं नाव, की आत काम करणारी माणसं आणि साधनं? कंपनी संयुक्त असेल तर तिच्या भागीदारांचा अनुभव बघायलाच हवा, आणि त्यासाठी कंपनी नावाचा पडदा बाजूला सारायला हरकत नाही. कागदावर नवी असलेली कंपनी प्रत्यक्षात जुन्या जाणत्या माणसांची असू शकते. उलटही खरं आहे. नाव तेच राहतं आणि ज्यांनी काम केलं ती माणसं केव्हाच निघून गेलेली असतात.

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. 'अमुक कंपनीने तमुक बँकेची सिस्टिम केली' असं ब्रोशरमध्ये छापलेलं असतं. ती करणारी दहा जणांची टीम कधीच पांगलेली असते. मग अनुभव नक्की कुणाकडे उरला? कंपनीकडे की त्या दहा जणांकडे? १९९४ च्या या निकालात या प्रश्नाला निदान हात तरी घातला गेला, म्हणून मला तो आवडतो.

पुढचा टप्पा विदर्भातला. खापरखेडा औष्णिक वीज केंद्रातल्या मोठ्या व्यासाच्या पाइपांचं आणि पोलादी टाक्यांचं काम. त्या वेळच्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने निविदा काढली. रौनक इंटरनॅशनल आणि आयव्हीआर कन्स्ट्रक्शन अशा दोन कंपन्यांत लढत झाली, आणि गंमत अशी की अनुभवाची अट शब्दशः धरली तर दोघीही बसत नव्हत्या! मंडळाने अट शिथिल करून काम रौनकला दिलं. आयव्हीआरने मुंबई हायकोर्टातून स्थगिती मिळवली. डिसेंबर १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती उठवली. निकाल लिहिला न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी, ज्या पूर्वी मुंबई हायकोर्टाच्या मुख्य न्यायाधीश होत्या.

त्यांचं म्हणणं रोखठोक होतं. जो स्वतः अटीत बसत नाही त्याने दुसऱ्याला मिळालेल्या सवलतीबद्दल तक्रार करू नये. आणि सार्वजनिक प्रकल्पाला स्थगिती देताना कोर्टाने दहादा विचार करावा, कारण उशिराचा खर्च शेवटी लोकांच्याच खिशातून जातो. याच निकालात कंत्राट देताना काय काय बघितलं जातं याची एक यादी आहे. किंमत, दर्जा, वेळेत काम होण्याची शक्यता, नंतरची देखभाल, आणि हो, निविदादाराचा मागचा अनुभव व तशी कामं त्याने आधी यशस्वीपणे पूर्ण केली आहेत का, हेही. 'यशस्वीपणे' हा शब्द तिथे आहे. पण तो मोजायचा कसा, हे कोर्टाला ठरवायचं नव्हतंच. ते काम मंडळाचं.

आणि मोजायचं कसं याचं सरकारी उत्तर चारच वर्षांनी आलं. डिसेंबर २००२ मध्ये केंद्रीय दक्षता आयोगाने पूर्वपात्रतेच्या अटी कशा असाव्यात याबद्दल सूचना काढल्या. मागच्या सात वर्षांत पूर्ण केलेली 'सारखी' कामं बघा: अंदाजित रकमेच्या ४० टक्क्यांची तीन, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचं एक. शिवाय गेल्या तीन वर्षांची सरासरी वार्षिक उलाढाल किमान ३० टक्के. ज्यांनी कधी निविदेचे कागद जमवलेत त्यांना हे ४०-५०-८० पाठ असतं. हेतू चांगलाच होता. मर्जीतल्या ठेकेदाराला बसेल अशा मापाची अट शिवायची सोय बंद करायची होती. आकडे ठरलेले असले की अधिकाऱ्याचं मत मध्ये येत नाही आणि मत नाही तर लाचेला वावही कमी.

पण याची किंमत काय मोजली ते बघा. पूर्णत्वाचा दाखला मिळाला की काम मोजणीत धरलं जातं. ते दोन वर्षं उशिरा झालं असेल, पहिल्या पावसात उखडलं असेल, दंड झाला असेल, तरी ८० टक्के रकमेचं काम ते ८० टक्के रकमेचंच. चोख काम करणाऱ्याचा आणि जेमतेम उरकणाऱ्याचा दाखला या गणितात एकाच वजनाचा. इथून पुढे फक्त दर बघायचा. मग चोख काम करून जास्त पैसे का घालवावेत, असा विचार ठेकेदाराने केला तर त्याला आपण कुठल्या तोंडाने नावं ठेवायची?

२०१६ चा नागपूर मेट्रोचा खटला याच वाटेवरचा. उन्नत मार्गाचं काम होतं आणि 'मेट्रो'च्या स्थापत्य कामाचा अनुभव मागितला होता. एका चिनी कंपनीने टाटा प्रोजेक्ट्सबरोबर मिळून निविदा भरली आणि अनुभव दाखवला पर्ल नदीच्या खोऱ्यातल्या दोन शहरांना जोडणाऱ्या जलद रेल्वेचा. आता रेल्वे म्हणजे मेट्रो का? नागपूर मेट्रो म्हणाली, नाही. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाला कंपनीचं म्हणणं पटलं. सुप्रीम कोर्टाने अ‍ॅफकॉन्सच्या अपिलात ते पुन्हा फिरवलं, आणि ज्याने निविदेचा मसुदा केला त्यालाच तिचा अर्थ सगळ्यात चांगला कळतो हे वाक्य कायमचं रूढ झालं. स्मार्टफोन-टॅब्लेटचा २०२२ चा निकाल याच वाक्याच्या आधारावर उभा आहे.

मग 'कसं केलं' हा प्रश्न आपल्याकडे कधी येतच नाही का? येतो, पण थेट काळ्या यादीच्या रूपात. तिथे मात्र कोर्टांनी बरंच बारकाईने लक्ष घातलंय. १९७४ च्या इरुझियन इक्विपमेंटच्या निकालात म्हटलं की बाजू ऐकून घेतल्याशिवाय कुणाला काळ्या यादीत टाकता येणार नाही. २०१३ मध्ये कुलजा इंडस्ट्रीजच्या निकालात म्हटलं की कायमची बंदी चालणार नाही, शिक्षा चुकीच्या प्रमाणात हवी. २०१४ मध्ये गोरखा सिक्युरिटीच्या निकालात, नोटिशीतच स्पष्ट लिहा की आम्ही काळ्या यादीत टाकायचा विचार करतोय. सगळं योग्यच आहे. पण यात मधली पायरी कुठे? तुम्ही एक तर शंभर टक्के पात्र, नाही तर एकदम बहिष्कृत. बूलियन कारभार! आणि शिक्षा इतकी मोठी असल्यामुळे, काम वाईट झालं तरी अधिकारी फाइल उघडायच्या भानगडीत शक्यतो पडत नाही.

अमेरिकेने दुसरा रस्ता धरला. तिथे निविदांच्या तक्रारी कोर्टांबरोबरच जीएओ नावाच्या संसदेच्या हिशेब तपासणाऱ्या कार्यालयाकडेही जातात. १९२१ साली हे कार्यालय स्थापन झालं आणि तक्रारी ऐकण्याचा अधिकार १९८४ च्या कायद्याने पक्का झाला. वेळेत तक्रार आली तर सहसा काम आपोआप थांबतं, पण निकाल १०० दिवसांत द्यावा लागतो. १९९४ मध्ये (पुन्हा तेच वर्ष!) तिथल्या संसदेने कायद्यात लिहिलं की मागची कामगिरी हा कंत्राट देतानाचा महत्त्वाचा निकष आहे. त्याबरोबर एक सुंदर वाक्यही घातलं: ज्याच्याकडे मागचं काहीच नाही त्याला या निकषावर अनुकूल गुणही द्यायचे नाहीत आणि प्रतिकूलही नाहीत. प्रत्येक मोठ्या कामानंतर अधिकाऱ्याने 'असमाधानकारक'पासून 'असाधारण'पर्यंत श्रेणी द्यायची, ठेकेदाराने त्यावर आपलं म्हणणं नोंदवायचं, आणि पुढच्या खात्याने ते वाचायचं, अशी पद्धत तिथे बसवली गेली.

साहजिकच भांडणंही वेगळी झाली. १९९७ च्या एका निर्णयात जीएओने म्हटलं की काही माहिती खात्याच्या इतकी हाताशी असते की तिच्याकडे दुर्लक्ष करणं हाच अन्याय. त्याच खात्यासाठी कंपनीने तशाच स्वरूपाचं काम केलं होतं, आणि मूल्यमापन करताना तेच विचारात घेतलं गेलं नव्हतं. पुढे २०११ मध्ये टॉड कन्स्ट्रक्शनच्या खटल्यात तिथल्या फेडरल सर्किट कोर्टाने मान्य केलं की वाईट श्रेणी मिळाली म्हणून ठेकेदार कोर्टात दाद मागू शकतो. ती कंपनी शेवटी हरली, पण दार उघडं झालं.

म्हणजे तिकडे सगळं आलबेल आहे का? अजिबात नाही. श्रेणीवरून कोर्टबाजी होऊ शकते म्हटल्यावर अधिकाऱ्याला सगळ्यात सोपं काय? सगळ्यांना 'समाधानकारक' देऊन मोकळं व्हायचं. आमच्याकडे वर्षअखेरच्या अप्रेझलमध्ये मॅनेजर जे करतो तेच! आणि 'उत्तम' व 'अतिउत्तम' यात फरक करायला अधिकाऱ्याचं मत लागतं. मत आलं की मर्जी आली आणि मर्जी आली की १९७७ च्या विमानतळासारखे प्रश्न पुन्हा उभे राहतात.

तर निवड अशी आहे. आकडे मोजले तर मर्जी कमी होते पण दर्जा दिसत नाही. दर्जा मोजला तर माणसाच्या मतावर विश्वास टाकावा लागतो. आपण दक्षतेच्या भीतीने पहिला रस्ता धरला आणि आपल्या कोर्टांनी, अर्थ लावायचा अधिकार निविदा लिहिणाऱ्याला देऊन, तो पक्का केला. यात कोर्टांचा दोष आहे असं मला वाटत नाही. अटीतच 'कसं केलं' विचारलेलं नसेल तर कोर्ट ते कुठून तपासणार?

गेल्या काही वर्षांत थोडी हालचाल झाली आहे. २०१७ च्या वित्तीय नियमांत स्टार्टअपना मागच्या अनुभवाची आणि उलाढालीची अट शिथिल करण्याची मुभा आली, अर्थात दर्जाशी तडजोड न करता. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राच्या वित्त मंत्रालयाने कामांच्या कंत्राटांतही ठराविक परिस्थितीत दर्जाला वजन द्यायची परवानगी दिली, जास्तीत जास्त ३० टक्के. म्हणजे सगळ्यात स्वस्त तोच जिंकणार, ही भिंत थोडी तरी हलली. पण दर्जाच्या त्या गुणांत मागच्या कामाचा उशीर, दुरुस्त्या, दंड यांचा हिशेब आला नाही तर ते ३० टक्केही पुन्हा उलाढाल आणि मनुष्यबळाच्या तक्त्यांनीच भरतील.

मला विचाराल तर पाच पायऱ्यांची श्रेणी वगैरे नंतर बघू. आधी फक्त पूर्णत्वाच्या दाखल्यावर चार गोष्टी सक्तीने छापा: ठरलेली तारीख, प्रत्यक्ष तारीख, झालेला दंड, आणि दोष दायित्व कालावधीत करून घेतलेल्या दुरुस्त्या. यात कुणाचं मत नाही, सगळे आकडेच. मर्जीला जागा नाही आणि 'कसं केलं' याचं निम्मं उत्तर मिळतं. हे आकडे खात्याच्या फायलीत आजही असतातच. रस्त्याच्या कडेला कामाचा फलक दिसला की ठेकेदाराचं नाव टिपून घ्या आणि त्याच्या आधीच्या कामाचे हे चार आकडे माहितीच्या अधिकारात मागून बघा. अर्जाची फी फार नाही, आणि उत्तरात जे येईल (किंवा येणार नाही) ते वाचण्यासारखं असेल.